पत्र्यावरचे दगड

‘दगड खाली घेतले, तर पत्रे काय तुझ्या बापानं येऊन धरून बसायचं का, द्वारके?’

सटवामामा बाजेवर बसून दोर वळत होते. मान वर न करता त्यांनी मला हे विचारलं. मी अंगणात वही घेऊन उभी होते. त्या आठवड्यातली त्यांच्या घराकडची माझी ती चौथी फेरी.

‘तारेनं बांधायचे, मामा. वाशाला हुक मारून आवळायचे. सामान येणार आहे तालुक्याहून.’

‘कवा?’

‘आठ दिवसांत म्हणालेत.’

‘मग आठ दिवसांनी ये.’

आतून सिमिंता हसली. सटवामामांची ती एकुलती लेक. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, सातवा लागला होता. मी लिंबदऱ्याची आशा सेविका, त्यामुळे तिचं वजन, तिच्या गोळ्या, तिचं तपासणीचं कार्ड हे सगळं माझ्याकडेच. ती दारात आली आणि म्हणाली, ‘दादा, सगळ्या गावानं काढले. आपलंच घर राहिलंय.’

‘गावाला अक्कल नाही म्हणून आपणबी सोडायची का?’

ही गोष्ट अकरा वर्षांपूर्वीची. त्या साली दिवाळीपासून आमच्या गावाखालून आवाज येत होते. जमिनीच्या पोटात कुणीतरी खडीचा ट्रक रिकामा करतंय, असा तो आवाज. आधी गुडगुड यायची, मग फळीवरचे पितळी डबे एकमेकांवर वाजायचे आणि पुन्हा सगळं शांत. मार्गशीर्षात पहिला धक्का बसला. शाळेच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत चीर गेली. त्यानंतर तालुक्याला दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. गावातून मला पाठवलं.

तिथे खिल्लारे सर शिकवायला होते, भूगोलाचे निवृत्त प्राध्यापक. त्यांनी टेबलावर चार विटा मांडल्या, त्यावर पत्र्याचा तुकडा ठेवला आणि पत्र्यावर एक धोंडा. मग टेबलाला हलकासा धक्का दिला. पत्रा जागेवरच राहिला, धोंडा घरंगळत खाली पडला. ‘पत्र्यानं माणूस जखमी होईल,’ सर म्हणाले, ‘धोंड्यानं जाईल.’

एकीनं विचारलं, ‘मोठा कधी येणार, सर?’

‘ते मला विचारू नका. कुणालाच सांगता येत नाही. जो सांगतो, त्याचा मेसेज पुढे पाठवू नका. आपण काय करून ठेवायचं, तेवढंच विचारा.’

काय करून ठेवायचं, ते मी वहीत लिहून आणलं. पत्र्यावरचे दगड उतरवायचे. उशाच्या वरच्या फळीवरून जातं, पाटा, भरलेले डबे खाली घ्यायचे. बाज भिंतीपासून लांब ओढायची. दारात सामान ठेवायचं नाही. कागदपत्रं, बॅटरी, औषधं एका पिशवीत घालून ती दाराजवळ अडकवायची. धक्का बसला की दाराजवळ असेल त्यानं बाहेर पडायचं, आत अडकलेल्यानं डोकं झाकायचं. आणि दर धक्क्याची वेळ लिहून तालुक्याला कळवायची.

आमच्याकडची घरं दगड-मातीच्या भिंतींची आणि वर नुसते पत्रे. वारा उठला की पत्रा उडतो, म्हणून प्रत्येक पत्र्यावर मोठमोठे दगड. काही तर एकट्या माणसाला न उचलवणारे. चौसष्ट घरं होती तशी. मी तीन आठवडे फिरले. बायकांना पटवलं, बायकांनी नवऱ्यांना पटवलं. दगड उतरले आणि गावाबाहेर गायरानाच्या कडेला त्यांचा ढीग झाला.

सामान मात्र आलं नाही. आठ दिवसांचे पंधरा झाले. मी फोन करायचे, तर उत्तर यायचं, ‘फाइल वर गेलीय, बाई.’ तोवर लोकांनी जमेल तसे पत्रे बांधले. कुणी सुतळीनं, कुणी जुन्या साडीच्या पिळानं, कुणी खताच्या गोण्यांत माती भरून त्या वर ठेवल्या.

सटवामामा शेवटपर्यंत हटून बसले होते. त्यांना वळवलं ते सिमिंतानं. ती बारावी झालेली. माझी धक्क्यांची वही तिनं मागून घेतली होती, कारण दिवसभर बाजेवर पडून तिला कंटाळा यायचा. रेघा मारून तिनं रकाने पाडले. तारीख, वेळ, आवाज की धक्का, भांडी पडली का. मी संध्याकाळी गेले की ती वही दाखवायची. ‘वैनी, आज दोन. दुसरा लहान होता, पण लांबला.’ तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं. एके दिवशी तिनं बापासमोर वही धरली आणि म्हणाली, ‘दादा, मोजा. फाल्गुनात सतरा. तुमचे दगड माझ्या डोक्यावर आहेत.’

दुसऱ्या दिवशी सकाळी सटवामामांनी शेजारच्या दोघांना बोलावलं आणि दगड खाली घेतले. मला निरोप पाठवला, ‘द्वारकेला सांगा, झालं तिच्या मनासारखं.’

चैत्र संपता संपता एका शुक्रवारी दुपारी वादळ आलं. अर्ध्या तासात संपलं. पण अकरा घरांचे पत्रे गेले. सुतळ्या तुटल्या, गोण्या आधीच उन्हानं कुजलेल्या, त्या फाटून माती उडाली. सटवामामांच्या घरावरचे पाच पत्रे उचलले गेले आणि त्यातला एक गोठ्यातल्या म्हशीच्या मानेवर आडवा बसला. दुभती म्हैस. तासाभरात ती गेली. सिमिंता बाजेखाली शिरून बसली होती, वरून गारा आणि पाणी. मी पोचले तेव्हा ती कुडकुडत होती. धान्याच्या कणग्या भिजल्या होत्या.

गाव माझ्यावर ओरडलं असतं तर बरं झालं असतं. कुणी ओरडलं नाही. ज्यांच्या दारात मी तीन आठवडे उभी राहिले होते, ते मला बघून आत जायला लागले. शनिवारी सकाळपासून गायरानातल्या ढिगाकडे बैलगाड्या लागल्या. घरी माझा नवरा म्हणाला, ‘आता तू गप बस. कुणाच्या पत्र्याचं नाव काढू नको.’

मी खिल्लारे सरांना फोन केला. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, ‘दगड नका ठेवू देऊ. तारेनं बांधा.’

‘तार कुठंय, सर?’

‘मी बघतो,’ ते म्हणाले. ‘सोमवारी मी स्वतः घेऊन येतो. दोन दिवस कसे तरी काढा.’

तेच सांगायला मी दुपारी सटवामामांकडे गेले. कोंडामावशी, त्यांची बायको, घरी नव्हत्या. भिजलेले गहू शाळेच्या ओट्यावर वाळत घालून राखण करत बसल्या होत्या. मामांनी पत्रे गोळा करून आणून पुन्हा वर टाकले होते आणि ते शिडीच्या वरच्या पायरीवर उभे होते. खाली भिंतीला टेकून सात दगड. शेजारचे लोक आपापल्या घरावर, मदतीला कुणी नव्हतं. पश्चिमेकडे आभाळ पुन्हा काळं झालं होतं.

‘मामा, सोमवारी तार येणार आहे. सर स्वतः आणणार आहेत.’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. गोठ्यात म्हशीची जागा रिकामी होती. त्यांनी हात खाली केला आणि म्हणाले, ‘दे तो दगड.’

सिमिंता दारात उभी होती. तिला रात्रभर ताप होता. ‘वैनी, काय करायचं?’ तिनं विचारलं. अगदी साधेपणानं विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि मी सांगेन ते ती करणार होती.

वारा सुटला. वरचा पत्रा एका कडेनं उचलून पुन्हा आपटला. मला त्या घडीला एवढंच वाटत होतं की, या माणसानं माझ्याकडे असं बघू नये. मी वाकले, दगड उचलला, पोटाशी धरला आणि शिडीच्या दोन पायऱ्या चढून त्यांच्या हातात दिला. मग दुसरा. सातही दिले. दोन दगड फार जड होते, ते मी खालून खांद्यानं रेटले आणि त्यांनी वरून ओढले.

‘दोन दिवस ठेवा,’ मी म्हणाले. ‘सोमवारी काढू.’

‘मग मी झोपू कुठं?’ सिमिंतानं विचारलं. धक्क्यांच्या भीतीनं रात्री तिची बाज बाहेर कडुनिंबाखाली असायची.

‘आतच झोप. पुन्हा भिजलीस तर ताप चढेल. बाळाला सोसायचा नाही.’

तिनं मान हलवली. बाज आत ओढायला मीच तिला हात लावला. भिंतीपासून लांब, खोलीच्या मधोमध घेतली. तेवढं मी विसरले नव्हते. पण मधोमध म्हणजे वरच्या दगडांच्या बरोबर खाली, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

रविवारी सकाळी मी हापशावर होते. आवाज आधी आला नाही. एकदम पाय सरकले, घागर आडवी झाली आणि हापशाचा दांडा आपोआप वरखाली व्हायला लागला. मग गावभर एकामागून एक धाडधाड ऐकू आलं. ते दगड होते. पत्र्यांवरून खाली येणारे.

दहा-बारा सेकंद असतील. गावात बाकी कुणाला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. उन्हाळी कामं होती, माणसं बाहेर होती. सटवामामाही गोठ्याची मेढ नीट करत बाहेरच होते. मी धावत पोचले, तेव्हा ते दोन्ही हातांनी दारातली माती उपसत होते. मागची भिंत वरून ढासळली होती, तिच्याबरोबर वासे सुटले होते आणि दगड पत्र्यांसकट आत आले होते.

सिमिंताला आम्ही चौघांनी बाहेर काढलं. चेहऱ्याला काही नव्हतं. कमरेवर दगड पडला होता. अँब्युलन्सला फोन केला होता, पण तिची वाट न बघता गावातल्या जीपमध्ये तिला घातलं. मी मागे तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. मामा पुढे बसले. कोंडामावशी शाळेच्या ओट्यावरून धावत आल्या, तोवर जीप निघाली होती.

ओढा ओलांडल्यावर तिनं डोळे उघडले.

‘वैनी, वेळ लिहिली का?’

‘लिहिली.’

‘किती?’

‘दहा चाळीस,’ मी म्हणाले. मी घड्याळ पाहिलंसुद्धा नव्हतं.

‘मला वाटलं, पावणेअकरा असतील,’ ती म्हणाली.

त्यानंतर ती बोलली नाही. तालुका दिसायला लागला तेव्हा तिचा हात माझ्या हातात थंड होता. मी पुढे बसलेल्या मामांना सांगितलं नाही. दवाखान्याच्या दारात डॉक्टरांनी सांगितलं. बाळ पोटातच गेलं होतं.

सोमवारी खिल्लारे सर तारेची तीन भेंडोळी घेऊन आले. मोडक्या घरासमोर थोडा वेळ उभे राहिले आणि भेंडोळी माझ्या ओसरीवर ठेवून निघून गेले. गुरुवारी तालुक्याहून ट्रक आला. हुक, तार, पकडी, सगळं चौसष्ट घरांना पुरेल एवढं.

त्याच ट्रकबरोबर एक साहेब पंचनामा करायला आले. शाळेच्या वर्गात टेबल मांडलं. एका बाजूला मी, एका बाजूला सटवामामा.

‘बाई, दगड काढायच्या सूचना दिल्या होत्या ना?’

‘दिल्या होत्या.’

‘सगळ्यांना?’

‘सगळ्यांना.’

‘यांनी काढले होते?’

‘काढले होते.’

‘मग पुन्हा कुणी ठेवले?’

मी मामांकडे पाहिलं. ते टेबलाच्या पायाकडे बघत होते. त्यांच्या नखांत अजून माती होती. मला वाटलं, आता ते सांगतील. हिनंच दिले, दोन दिवस ठेवा म्हणाली, असं सांगतील आणि सुटेल सगळं. मी त्यांच्या बोलण्याची वाट पाहत होते. स्वतः मात्र तोंड उघडलं नाही.

‘मी ठेवले,’ मामा म्हणाले.

‘एकट्यानं?’

‘एकट्यानं.’

साहेबांनी लिहिलं. दिलेल्या सूचनांचे पालन न करता घरमालकाने छतावर पुन्हा दगड ठेवल्याने. पुढचं मी वाचलं नाही. खाली मामांचा अंगठा आणि माझी सही.

पुढच्या पंधरा दिवसांत लिंबदऱ्याच्या प्रत्येक घरावर हुक बसले. आता माझं सगळे ऐकत होते. मला काही समजवावं लागत नव्हतं. पुढे मला शेजारच्या गावांतही शिकवायला बोलावू लागले, आणि तिथे मी सांगायचे की, आमच्या गावात एका माणसानं ऐकलं नाही, दगड परत वर ठेवले, त्याची गरवार लेक गेली. बायका तोंडाला पदर लावायच्या. त्याच दिवशी दगड उतरवायच्या. मी नाव घेत नव्हते, पण आसपासच्या गावांना नाव माहीत होतं.

आणि कोंडामावशींनी नवऱ्याशी बोलणं टाकलं. भांडण नाही, आरडाओरडा नाही. त्या ताट वाढायच्या आणि तोंड फिरवून चुलीकडे बसायच्या. काही सांगायचं झालं तर मधल्या माणसाला सांगायच्या. ‘त्याला म्हणावं, पाणी तापलंय.’ मी महिन्यातून दोनदा त्यांच्याकडे जायचे, मामांचा रक्तदाब वाढला होता, त्याच्या गोळ्या द्यायला. कितीतरी वेळा तो मधला माणूस मीच असायचे. मावशी मला चहा करून द्यायच्या. एकदा माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, ‘तू किती सांगितलं होतंस गं माय. या हट्टी माणसानं ऐकलं नाही.’

तो चहा मी प्यायले.

सहा वर्षं अशी गेली. सातव्या वर्षी मामांच्या अर्ध्या अंगावरून वारं गेलं. एका दुपारी मावशी शेतात होत्या आणि मी मामांना औषध पाजत होते. तोंडाच्या कडेनं औषध ओघळलं, ते मी पुसलं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘मामा, तुम्ही तेव्हा का नाही सांगितलं?’

काय ते त्यांनी विचारलं नाही. शब्द जड येत होते, तरी ते एक एक करून बोलले.

‘सांगून काय झालं असतं? तुझं कुणी ऐकलं नसतं पुन्हा. गावात अजून तीन पोरींना दिवस गेलेले होते.’

‘पण मावशी…’

‘दगड मी मागितले होते.’ ते चिडल्यासारखे झाले. ‘तू दिलेस, पण मागितले मी. तुला नाही म्हणता आलं नाही, मला थांबता आलं नाही. आता राहू दे.’

‘मी सांगते त्यांना.’

‘नको,’ ते म्हणाले. ‘आता आम्हाला सवय झाली.’

मी तेही ऐकलं. ऐकणं सोपं होतं. श्रावणात मामा गेले. शेवटच्या दिवशी मावशी उशाशी बसून पाणी पाजत होत्या, पण बोलल्या नाहीत. मी तिथेच होते. त्या वेळीही मला बोलता आलं असतं.

चौदावं झाल्यावर मी एका सकाळी गेले. मावशी अंगणात ज्वारी पाखडत होत्या. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. शिडी, सात दगड, ‘दोन दिवस ठेवा’, बाज आत ओढली ती. पंचनाम्यात मामा काय म्हणाले आणि मी काय म्हणाले नाही, ते. काहीच ठेवलं नाही.

सूप थांबलं नाही. मी बोलत असताना मध्ये कुठेतरी त्यांच्या हाताची लय चुकली, थोडी ज्वारी खाली सांडली. ती त्यांनी एक एक दाणा करून वेचली.

मग म्हणाल्या, ‘सहा वर्षं त्यानं माझ्या हातचं खाल्लं. एक शब्द मी दिला नाही त्याला.’

‘मावशी, माझं चुकलं.’

‘ते मला नको सांगू,’ त्या म्हणाल्या. ‘तो होता तोवर सांगायचं होतंस. मी निदान बोलले असते त्याच्याशी.’

मी बसून राहिले. ऊन अंगणात आलं. त्यांनी सूप भिंतीला टेकवलं, ज्वारी आत नेली आणि दार लोटून घेतलं. कडी लावल्याचा आवाज आला नाही. तरी मी आत गेले नाही.